कुलूप उकलण्याची विद्या : लक्षण, मर्यादा आणि आरंभ

कुलूप म्हणजे काय, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. दार बंद ठेवणारी प्रत्येक वस्तू कुलूप नव्हे. अडसर, खिट्टी, कडी-कोयंडा ही अवरोधाची साधने आहेत. परंतु ती माणसामाणसांत भेद करीत नाहीत. आतून घातलेला अडसर बाहेरच्या प्रत्येकाला सारखाच अडवतो, घरधन्यालाही. बाहेरून नुसती लावलेली कडी कोणालाच अडवत नाही. कुलूप अडवते आणि अडवताना निवड करते. तेव्हा त्याचे लक्षण असे करता येईल : विशिष्ट चिन्ह सादर करणाऱ्यासच वाट देणारा यांत्रिक अवरोध म्हणजे कुलूप.

या लक्षणातून कुलपाची तीन अंगे निघतात. पहिले अवरोधक, म्हणजे दाराच्या कुलपातला बोल्ट किंवा लटकत्या कुलपाची कडी. दुसरे परीक्षक, म्हणजे अवरोधक हलू द्यावा की नाही हे ठरवणारे आतले भाग. तिसरे चिन्ह, म्हणजे किल्ली. किल्ली कुलपाबाहेर असली तरी ती कुलपाचेच अंग आहे. किल्लीवरच्या खाचा आणि परीक्षकाच्या भागांची मापे ही एकच माहिती दोन ठिकाणी कोरलेली असते.

बंद कुलूप मोकळे होण्याचे मार्ग चार. (१) उघडणे : चिन्ह सादर करून. (२) फोडणे : अवरोधक किंवा परीक्षक नष्ट करून. (३) बगल देणे : परीक्षकाला न विचारता थेट अवरोधकावर काम करून, जसे हलक्या कुलपाच्या कडीशेजारी पत्र्याची पातळ पट्टी सरकवून कडी धरणारी खिट्टी मागे सारणे. (४) उकलणे : किल्लीवाचून, काहीही न मोडता, परीक्षकाच्याच मार्गाने जाऊन, त्याचा प्रत्येक भाग किल्लीने जिथे नेला असता तिथे नेऊन ठेवणे. या लेखाचा विषय चौथा मार्ग हा आहे. उकल खरी झाली की नाही, याची कसोटी एकच : नंतर कुलपाची मूळ किल्ली पूर्वीइतकीच सहज फिरली पाहिजे. ती अडखळत असेल, तर झाले ते उकलणे नव्हे, सावकाश फोडणे होय.

कुलपे कशासाठी लावली जातात, यावरूनही त्यांचे तीन वर्ग होतात. हा भेद उकलण्याच्या छंदाच्या मर्यादा ठरवताना लागेल, म्हणून तो येथेच करणे योग्य. पहिला वर्ग परक्याविरुद्धच्या कुलपांचा. घर, दुकान, कपाट, सायकल यांची कुलपे यात येतात. ही कुलपे विचारतात : कोण आहे? दुसरा वर्ग चुकीविरुद्धच्या कुलपांचा. ही विचारतात : आधी जे व्हायला हवे होते, ते झाले का? तिसरा वर्ग साक्षीच्या कुलपांचा. विजेच्या मीटरवरचे किंवा मालडब्याच्या दारावरचे सील या वर्गातले. ते फारसे अडवत नाही. कोणी हात लावला का, एवढेच सांगते.

दुसरा वर्ग घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कसाऱ्याहून थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोहोचली ती १ जानेवारी १८६५ रोजी. त्या वाटेचा तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे, आणि त्यामुळेच चढत्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लागतात व ती इगतपुरीत सोडली जातात. उतरत्या गाडीचा प्रश्न याहून कठीण. ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्गावरून खाली जाऊ नये, म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवलेली असते. हा चढावर नेणारा आडमार्ग होय. तिथला सांधा मुळातच आडमार्गाकडे वळवलेला असतो. गाडी आधी थांबली, तरच तो मुख्य मार्गाकडे वळतो. म्हणजे येथे कुलूप आहे, पण त्याची किल्ली कोणाच्या खिशात नसून ‘थांबणे’ ही कृतीच किल्ली आहे. सांधा आणि सिग्नल यांना एकमेकांत गुंतवून, एक योग्य स्थितीत आल्यावाचून दुसरा हलूच नये, अशी जी व्यवस्था रेल्वेत इंटरलॉकिंग नावाने रूढ आहे, तिचे पेटंट इंग्लंडात जॉन सॅक्सबी याने १८५६ मध्ये घेतले होते. उकलण्याचा छंद दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाला कधीही लागू होत नाही. चुकीविरुद्धचे कुलूप उकलणाऱ्याने सिद्ध काहीच केलेले नसते. कोणाचे तरी प्राण मात्र धोक्यात घातलेले असतात. साक्षीचे कुलूप उकलणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. पुढील सर्व विवेचन केवळ पहिल्या वर्गापुरते आहे.

आता परीक्षकाचे प्रकार. एक जुना आणि सर्वांत दुर्बळ प्रकार आडकाठ्यांचा. कुलपाच्या पोटात धातूचे उंचवटे असतात आणि किल्लीला त्यांना चुकवून जाणाऱ्या खाचा असतात. येथे परीक्षक स्वतः हलत नाही. म्हणून आडकाठ्यांना स्पर्श न करणारी बारीक किल्ली अशी बहुतेक कुलपे फिरवते. जुन्या पेट्यांची आणि वाड्यांतल्या कोठ्यांची पुष्कळ कुलपे या जातीची आहेत; त्यांचा दरारा वजनाचा आणि आकाराचा असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कुलपे पाहायला मिळतात. पाहणाऱ्याने नक्षीबरोबर किल्लीचे भोकही पाहावे. भोकाच्या आकारावरून आत काय आहे, याचा अर्धा तर्क तिथेच होतो.

दुसरा प्रकार लिव्हरचा, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्यांचा. १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन याने पेटंट घेतलेल्या कुलपात ही कल्पना पूर्णत्वास आली. प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलली गेली पाहिजे. कमी नव्हे आणि अधिकही नव्हे. या ‘अधिकही नव्हे’त कुलपाच्या शास्त्राची खरी सुरुवात आहे, कारण तोवर पुरेसे उचलणे एवढेच पुरत असे. १८१८ मध्ये जेरेमाया चब याने त्यावर एक भर घातली : पट्टी मर्यादेपलीकडे उचलली गेली, तर कुलूप अडकून बसे आणि मालकाला आपल्या अनुपस्थितीत कोणी प्रयत्न केला ते कळे. आपल्याकडील दुकानाच्या शटरला, गोठ्याला, पंपाच्या खोलीला लागणारे पितळी कुलूप बहुधा लिव्हरचेच असते. त्याच्या अंगावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असे ठोकलेलेही असते. या देशी उत्पादनाच्या इतिहासात मुंबईचे स्थान मोठे आहे. वकिलीचा पेशा सोडून आणि शस्त्रक्रियेची उपकरणे करण्याच्या धंद्यात अपयश घेऊन अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्या नावाचे कुलूप पुढे मराठी घरात इतके रुळले की, ‘गोदरेज’ हा शब्द कपाटाचा आणि कुलपाचा पर्यायच झाला.

तिसरा प्रकार पिनांचा. तत्त्व प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही होते. त्याला आजचे रूप अमेरिकेत लायनस येल धाकटा याने १८६० च्या दशकात दिले. फ्लॅटच्या दाराचे नाइट लॅच याच जातीचे. चौथा पत्रीचा : टेबलाच्या खणाला आणि टपालपेटीला लागणारे छोटे कुलूप. पाचवा फिरत्या चकत्यांचा. शेवटच्या दोहोंवर येथे थांबण्याचे कारण नाही. आरंभ करणाऱ्याने पिनांचे कुलूप घ्यावे, कारण त्यात उकलीचे तत्त्व सर्वांत स्वच्छ दिसते.

त्याची रचना अशी. एका स्थिर कवचात एक गोल दंड फिरतो; त्याला कारागीर प्लग म्हणतात. किल्ली प्लगमध्ये जाते. प्लगला आणि कवचाला आरपार अशी पाच किंवा सहा छिद्रे एका ओळीत पाडलेली असतात. प्रत्येक छिद्रात दोन पिना आणि त्यांच्यावर एक स्प्रिंग. किल्ली नसताना वरची पिन स्प्रिंगच्या दाबाने अर्धी प्लगमध्ये उतरलेली असते. म्हणून प्लग फिरत नाही. योग्य किल्ली घातली की, प्रत्येक जोडीतील सांध नेमकी प्लगच्या कडेशी येते. त्या कडेला आपण सीमारेषा म्हणू. सर्व सांधी एकाच वेळी सीमारेषेवर आल्या की प्लग फिरतो.

आता मुख्य प्रश्न : किल्लीवाचून हे साधतेच कसे? पाच पिना आणि प्रत्येकीला सहा संभाव्य उंच्या धरल्या, तर भिन्न किल्ल्यांची संख्या ६×६×६×६×६, म्हणजे ७,७७६ होते. प्रत्येक किल्लीला पाच सेकंद दिले, तर सर्व लावून पाहायला सुमारे अकरा तास लागतील. कुलूपकाराचा भरवसा या गुणाकारावर असतो. परंतु हा गुणाकार एका गृहीतावर उभा आहे : पाचही पिना एकाच वेळी बरोबर असल्याशिवाय कुलूप कोणतीही माहिती देत नाही. हे गृहीत खरे असते, तर उकल अशक्य झाली असती.

ते खरे नाही, आणि याचे कारण कारखान्यात आहे. पाच छिद्रे एका सरळ रेषेत पाडायची म्हटली, तरी ड्रिल प्रत्येक वेळी शतांश मिलिमीटरने इकडेतिकडे जातेच. पिनांचा व्यासही तंतोतंत एक नसतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केलेल्या माणसाला हे सिद्ध करून दाखवावे लागत नाही. टॉलरन्स शून्य असलेला भाग जगात नाही, हे तो रोज मोजतो. आता प्लगला फिरण्याच्या दिशेने हलका ताण द्या. छिद्रे पूर्ण एका ओळीत असती, तर पाचही पिना एकदम आवळल्या असत्या. ती नसल्यामुळे एकच पिन आधी आवळते, बाकीच्या मोकळ्या राहतात. त्या एकीला वर ढकलले की तिची सांध सीमारेषेवर येते, प्लग केसभर फिरतो, वरची पिन छिद्राच्या कडेवर टेकून तिथेच राहते, आणि आता दुसरी पिन आवळते. म्हणजे प्रश्न एकेका पिनेचा झाला. एका पिनेला फार तर सहा उंच्या. पाच पिनांना मिळून तीस. ७,७७६ चे तीस झाले. गुणाकाराची बेरीज होणे, हेच उकलीचे संपूर्ण तत्त्व आहे. प्रवासी बॅगेचे तीन आकड्यांचे कुलूपही याच न्यायाने हजारावरून तिसावर येते.

यातून एक उपसिद्धान्त निघतो. एक पिन वाढवली, तर किल्ल्यांची संख्या सहापट, म्हणजे ४६,६५६ होते. परंतु उकलणाऱ्याचे काम सहानेच वाढते, तिसाचे छत्तीस. म्हणून कुलपावर ठोकलेला लिव्हरचा आकडा त्याच्या सामर्थ्याचे माप नव्हे. गिऱ्हाइकाने आकडा विचारावा, हे स्वाभाविक आहे. पण सामर्थ्य ठरते ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे मापातील काटेकोरपणा, म्हणजे पिना जवळजवळ एकदम आवळाव्यात इतकी छिद्रे सरळ असणे. दुसरी म्हणजे खोटी खबर. वरची पिन मधोमध बारीक करून रिळाच्या आकाराची केली, तर ती सीमारेषेवर अर्धवट अडकते, प्लग थोडा फिरतो, आणि कुलूप उघडत आले असे वाटते. ते उघडलेले नसते.

या ज्ञानाच्या प्रसाराने चोराला साह्य होते काय, हा आक्षेप जुना आहे आणि त्याचा विचार गंभीरपणे केला पाहिजे. त्याची कसोटी १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी लागली. अमेरिकन कुलूपकार आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज याने साक्षीदारांसमोर चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उकलले. त्यानंतर ब्रामाच्या कारखान्याने दुकानाच्या खिडकीत अनेक दशके मांडून ठेवलेले, उकलणाऱ्यास दोनशे गिनी देऊ करणारे कुलूप त्याने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास काम करून उघडले. तोवर अभेद्य मानलेली दोन्ही कुलपे भेद्य ठरली. हॉब्जची भूमिका अशी होती की, कुलपातील दोष चोरांना आधीच ठाऊक असतात. अंधारात असते ते गिऱ्हाईक. इतिहासाने या भूमिकेला पुष्टी दिली आहे, कारण त्या प्रदर्शनानंतर कुलूपकारांनी आपली रचना सुधारली. आणि व्यवहारात घरफोडी करणारा परीक्षकाशी वाद घालत बसत नाही. तो कोयंडा उपटतो. तरीही आक्षेपातील सत्यांश टाकून देता येत नाही. दोष उघड करणे आणि विशिष्ट घराच्या दाराचा दोष उघड करणे, या दोन भिन्न कृती आहेत. शेजाऱ्याचे कुलूप किती सेकंदांत उघडेल, हे चारचौघांत सांगणारा छांदिष्ट शास्त्र सांगत नसतो.

कायदा नेमका कुठे उभा आहे, ते आता पाहू. कुलूप उकलण्याचे ज्ञान किंवा त्याचा अभ्यास यांना भारतीय न्याय संहिता, २०२३ अपराध मानत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत गृह-अतिक्रमण करण्यासाठी कुलूप उघडणे हा एक आहे. कलम ३३४ मध्ये मालमत्ता असलेले बंद पात्र अप्रामाणिकपणे किंवा नुकसान करण्याच्या हेतूने फोडणे अथवा सोडवणे हा अपराध आहे. दोन्ही ठिकाणी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली : अपराध हेतूवर ठरतो. दुसरी, आणि छांदिष्टांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची : काही मोडले नाही, हा बचाव होत नाही. कलम फोडण्याइतकेच सोडवण्यालाही लागू आहे. उकल कितीही स्वच्छ असली, तरी परक्या पेटीवर ती निर्दोष ठरत नाही.

महाराष्ट्रात याखेरीज एक विशेष तरतूद आहे आणि ती प्रत्येक आरंभकाने पाठ करावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त आणि सूर्योदय यांच्या दरम्यान, कायदेशीर सबबीवाचून, घरफोडीचे हत्यार जवळ बाळगणे हा अपराध आहे; आणि सबब सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर आहे. सामान्यतः आरोप सिद्ध करणे सरकार पक्षाचे काम असते. येथे ते उलटले आहे. म्हणून रात्रीच्या गाडीने मुंबईहून परतणाऱ्याच्या खिशात उकलण्याच्या साधनांचा संच असणे, ही बेफिकिरी त्याला महाग पडू शकते. साधने घरात, एका ठिकाणी, सरावाच्या कुलपांसह असावीत. न्यायची असतील, तर दिवसा, डब्यात बंद करून, सरावाच्या कुलपाबरोबर आणि खरेदीच्या पावतीसह न्यावीत.

यावरून वैध उकलीच्या तीन अटी ठरतात. (१) कुलूप स्वतःच्या मालकीचे असावे, किंवा मालकाची स्पष्ट संमती असावी. भाड्याच्या घराच्या दाराचे कुलूप घरमालकाचे असते, हे विसरले जाते. (२) कुलूप वापरात नसावे. ही अट स्वतःच्या दारालाही लागू आहे. तिचे कारण कायद्यात नाही, यंत्रात आहे : साधनाचे टोक आत मोडले किंवा स्प्रिंग दुमडली, तर कुटुंब पावसात बाहेर राहते. इगतपुरीत जुलैमध्ये ही कल्पनेतली अडचण नव्हे. (३) काम उघडपणे चालावे. घरच्यांना आणि शक्य तर शेजाऱ्यांना छंद ठाऊक असावा. लपवलेला छंद आणि लपवलेला अपराध बाहेरून सारखेच दिसतात.

संग्राहकासाठी येथे एक उपनियम जोडतो. रेल्वेगावांच्या भंगारात कधी कधी जुनी पितळी कुलपे येतात, अंगावर जी.आय.पी. अशी अक्षरे असलेली. वस्तू मोहक असते. परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदेशीरपणे बाळगण्याविषयी १९६६ चा स्वतंत्र अधिनियम आहे. लिलावाची किंवा विक्रीची पावती नसेल, तर अशा कुलपाला हात लावू नये, मग ते कितीही उकलण्याजोगे असो.

सरावासाठी कोणते कुलूप घ्यावे? लटकते स्वस्त कुलूप बहुधा रिव्हेटने बंद केलेले असते. ते खोलता येत नाही, म्हणून शिकवतही कमी. हार्डवेअरच्या दुकानातून नाइट लॅचचे सुटे सिलिंडर आणावे. ते मागून खोलता येते. प्लग बाहेर ओढताना त्याच्यामागे त्याच जाडीची लाकडी कांडी सारत न्यावी, म्हणजे स्प्रिंगा उडत नाहीत. सगळ्या पिना काढून घ्याव्यात, वाटीत ओळीने ठेवाव्यात, आणि एकच जोडी परत घालावी. हे एका पिनेचे कुलूप ही पहिली इयत्ता होय. ते आठवडाभर पुन्हा पुन्हा उघडावे. मग दोन, मग तीन. पाच पिनांच्या बंद कुलपावर पहिल्याच दिवशी तुटून पडणारा कधी कधी ते उघडतोही, पण का उघडले हे त्याला सांगता येत नाही. ज्याचे कारण सांगता येत नाही, ते या विद्येत आलेले धरत नाहीत.

साधने दोनच लागतात. एक ताणपट्टी : किल्लीच्या भोकाच्या कडेला बसणारी, टोक काटकोनात वळवलेली पातळ पोलादी पट्टी. दुसरा आकडा : टोकाशी किंचित वर वळलेली बारीक काडी. तिसरे साधन, दंताळ्यासारखे दातेरी, अनेक पिना एकदम विंचरण्यासाठी असते. त्याने यश लवकर येते, ज्ञान येत नाही, म्हणून आरंभी ते दूर ठेवावे. गाडीच्या वायपरमधील पोलादी पट्टीची ताणपट्टी चांगली होते. हॅकसॉचे पाते घासून आकडा करता येतो. मात्र घासताना ते तापू देऊ नये. रंग निळसर झाला की पोलादाचे पाणी उतरले, आणि तो आकडा वाकणार.

आता प्रत्यक्ष क्रिया. सिलिंडर शिकंज्यात धरा. ताणपट्टी लावा आणि तिच्यावर बोटाचे केवळ वजन टाका. वहीचे पान उलटायला लागते त्याहून अधिक बळ नको. नव्याने शिकणाऱ्याच्या दहा अपयशांपैकी बहुतेक या एकाच ठिकाणी असतात : ताण जास्त. जास्त ताणाने सगळ्याच पिना आवळतात आणि वर सांगितलेला क्रमच नाहीसा होतो. आकडा आत नेऊन मागच्या पिनेपासून एकेक पिन हलकेच उचलून पाहा.

पिनेच्या अवस्था चार आहेत आणि त्या डोळ्यांनी नव्हे, बोटाने ओळखायच्या आहेत. (१) सैल : पिन उचलली जाते आणि सोडताच स्प्रिंगने परत येते, तिच्याशी आत्ता काम नाही. (२) आवळलेली : पिन प्रतिकार करते, तो प्रतिकार स्प्रिंगचा नसून कडेच्या घर्षणाचा असतो, काम हिच्याशी. (३) बसलेली : आवळलेली पिन उचलता उचलता एक बारीक टक् होते, ताणपट्टी बोटाखाली केसभर सरकते, आणि त्या पिनेखालचा भार नाहीसा होतो. (४) अतिचढलेली : खालची पिनच सीमारेषेच्या वर गेलेली; आता ती टणक लागते आणि हलत नाही. चौथी आली की ताण सोडून पुन्हा आरंभ करावा. तिसरी आणि चौथी यांतला फरक शब्दांनी पुरा सांगता येत नाही. बसलेल्या पिनेवर आकडा टेकवला, तर ती किंचित डुलते. अतिचढलेली डुलत नाही. एका पिनेच्या कुलपावर आठवडा घालवायचा तो एवढ्यासाठीच.

रिळाच्या पिनेची गोष्ट वेगळी. प्लग काही अंश फिरून थांबला, म्हणजे रीळ अडकले. त्या पिनेवर आकडा दाबला की प्लग उलट दिशेने फिरू लागतो आणि ताणपट्टी बोटाला मागे ढकलते. येथे ताण कमी करून प्लगला मागे येऊ द्यावे लागते. पुढे जाण्यासाठी आधी मागे येणे सहज वृत्तीच्या विरुद्ध आहे, आणि बसलेल्या इतर पिना निसटण्याची भीतीही असते. एखादी निसटतेच. तिला पुन्हा बसवावे.

प्रत्येक सरावाची नोंद ठेवावी : कुलूप कोणते, पिना कोणत्या क्रमाने आवळल्या, कितीदा अतिचढ झाली. क्रम एका कुलपापुरता बहुधा स्थिर असतो, कारण छिद्रांचा वाकडेपणा स्थिर असतो. नोंदवहीतील हा क्रम म्हणजे त्या कुलपाच्या जन्मातील दोषाचा आलेखच होय.

हवामानाचा विचार इगतपुरीपुरता स्वतंत्रपणे करावा लागतो. येथील पाऊस महाराष्ट्रातील फार मोठ्या पावसांपैकी आहे, आणि धुके किल्लीच्या भोकातून आत जाते. पितळेचे अंग गंजत नाही. आतली पोलादी स्प्रिंग गंजते. उपाय म्हणून खोबरेल घालण्याची सवय आहे. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते. डिसेंबरच्या सकाळी हे कुलूप किल्लीलाही दाद देत नाही, आणि शिकणाऱ्याला त्यातील प्रत्येक पिन आवळलेली वाटते. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड, म्हणजे ग्रॅफाइट, किल्लीला चोळून आत नेणे अधिक योग्य. ती थिजत नाही आणि धूळही धरत नाही.

या सर्व अभ्यासानंतर विद्यार्थ्याने चावीवाल्याचे काम पाहावे. बाजारात पदपथावर बसणारा, कड्यात शेकडो कच्च्या किल्ल्या अडकवलेला हा कारागीर छांदिष्ट नव्हे. त्याचे पोट त्यावर आहे, आणि गिऱ्हाईक खरेच त्या कुलपाचा मालक आहे काय, हे पाहण्याचे दायित्वही त्याच्यावर येते. त्याची पद्धत उकलीहून वरच्या श्रेणीची आहे, कारण ती संपते तेव्हा हातात किल्ली असते. तो कच्ची किल्ली कानशीने गुळगुळीत करतो, कुलपात घालतो, दोन्ही बाजूंना पिळतो आणि बाहेर काढून उजेडात तिरपी धरतो. आवळलेल्या भागाने धातूवर सुईच्या टोकाएवढी खूण उमटवलेली असते. तिथेच कानशीचा एक घास. पुन्हा आत, पुन्हा पीळ, पुन्हा उजेडात. ज्या जागी खूण उमटेनाशी झाली, ती खोली पूर्ण झाली; तिथे तो कानस परत लावत नाही. दुसरीकडे खूण येते, तिथे घासतो. खुणा एकेक करून बंद होत जातात, आणि शेवटची बंद झाली की किल्ली फिरते.